दोन दारांमध्ये अडकलेला रोगी

कोपरखैरण्याहून ठाण्याकडे जाणारी लोकल घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा अशी एकेक स्थानके घेत अर्ध्या तासाच्या आत ठाण्याला पोचते. मुंबई आणि तिच्या आसपासच्या मराठी बोलीत मात्र ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. १९०१ साली तेथे मनोरुग्णालय सुरू झाले आणि पुण्याकडे जसा येरवड्याचा, तसा इकडे ठाण्याचा उल्लेख थट्टेचा आणि धास्तीचा विषय होऊन बसला. ज्यांच्या घरचे माणूस खरोखरच तेथपर्यंत गेले आहे, त्यांना ही थट्टा ऐकताना काय वाटत असेल याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि ज्यांच्या माणसाला कोणत्याच दाराने आत घेतले नाही, त्यांचा विचार तर मुळीच कोणी करीत नाही.

कोपरखैरण्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वडील तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणारे, आई चार घरची कामे करणारी, मुलगा चोवीस वर्षांचा आणि औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तो एकाएकी गप्प झाला. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे म्हणू लागला. भिंतीपलीकडून आपल्याला शिव्या ऐकू येतात असे सांगू लागला. पुढे संध्याकाळी तो पिऊन येऊ लागला. घरच्यांना वाटले, दारूने डोके फिरले. रुग्णालयात नेले तेव्हा सांगण्यात आले, ‘‘मावशी, आधी याची दारू सुटू द्या, मग इकडे आणा.’’ व्यसनमुक्ती केंद्रात नेले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘याला भास होतात. असे पेशंट आम्ही ठेवत नाही.’’ हे घर कल्पिलेले आहे. परंतु ही दोन उत्तरे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही अपरिचित नाहीत.

एकाच देहात दोन रोग असतात तेव्हा वैद्यकाने दोन्हींकडे एकाच वेळी पाहावे ही साधी अपेक्षा आहे. मधुमेह्याला क्षयरोग झाला तर ‘आधी साखर बरी करून या’ असे कोणी म्हणत नाही. मनाचा आजार आणि दारू यांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसे म्हणतो. याचे कारण वैद्यकात जितके आहे, त्याहून अधिक आपल्या दृष्टीत आहे.

सुधाकराच्या पलीकडे

दारूड्याचे जे चित्र मराठी मनावर कोरले गेले आहे, ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाने. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील अपमानाच्या घावाने प्याल्याकडे वळतो आणि स्वतःबरोबर संसाराचा नाश करून घेतो. या चित्राने अनेकांना सावध केले, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे. परंतु या चित्रामुळे दारू म्हणजे चांगल्या माणसाचा नैतिक अधःपात असे समीकरणही पक्के झाले. पिणारा दुबळा, म्हणून दोषी, आणि दोषी म्हणून उपचारापेक्षा उपदेशाला पात्र, अशी ती विचारसरणी आहे.

कानात अखंड आवाज ऐकू येणाऱ्या, आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे या भीतीने रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला हे समीकरण लागू पडत नाही. तो चैनीसाठी पीत नसतो. घटकाभर का होईना, आवाज दबतील, झोप लागेल, चार माणसांत बसता येईल, एवढ्यासाठी तो पितो. असे रोगी अपवादात्मक असतात असेही नाही. अमेरिकेत पाच ठिकाणच्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांत छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ ३४ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या व्यसनाने ग्रासलेले आढळले. इतर लोकांच्या तुलनेत ही जोखीम तिपटीहून अधिक होती. आपल्याकडील प्रमाण यापेक्षा वेगळे असू शकते, कारण आपल्याकडे पिण्याची रीत वेगळी आहे आणि स्त्रियांमध्ये मद्यपान फार कमी आहे. पण दोन्ही आजार एकत्र येणे हा योगायोग नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

या दोन आजारांना बांधणारा धागा मेंदूच्या रसायनात आहे, आणि त्या रसायनाचा शोध लागण्यात आपल्या मातीतल्या एका मुळीचा वाटा आहे. सर्पगंधेचा उपयोग वेडावर होतो हे आयुर्वेदाला ठाऊक होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी आधुनिक वैद्यकाच्या भाषेत त्याची नोंद केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग सुरू झाला. पुढे १९५७ च्या सुमारास स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ते निश्चल पडून राहिले. डोपामिन ज्यापासून तयार होते ते द्रव्य टोचताच ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात तो डोपामिन नावाच्या रसायनाद्वारेही, हे त्यातून सिद्ध झाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सायकोसिसमध्ये, म्हणजे भास आणि भ्रम यांनी वास्तवाचे भान सुटते त्या अवस्थेत, मेंदूच्या खोल भागात डोपामिनचे निरोप गरजेपेक्षा जास्त सुटतात, असे आजचे ज्ञान सांगते. काय महत्त्वाचे आणि काय क्षुल्लक, हे ठरवण्याच्या कामात या रसायनाचा हात असतो. ते अवेळी सुटू लागले की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे सहज पाहणेही सूचक वाटू लागते. साधा आवाज इशारा ठरतो. बहुतेक औषधे डोपामिनचा हा मार्ग अडवतात आणि त्यामुळे भास ओसरतात. मात्र त्याच रोग्याच्या मेंदूत, आनंद आणि उत्साह यांना जागवणाऱ्या यंत्रणेत आणि विचार आवरणाऱ्या पुढच्या भागात, निरोपवहन दुबळे असते असेही अनेक संशोधकांचे मत आहे. रोगी सुस्त, निरिच्छ दिसतो तो यामुळे. जुनी औषधे ही सुस्ती कमी करीत नाहीत, क्वचित वाढवतात.

दारू हे दुबळे दार क्षणभर ढकलून उघडते. तिच्यामुळे आनंदाच्या त्या यंत्रणेत डोपामिन सुटते आणि कित्येक दिवसांत प्रथमच त्या माणसाला बरे वाटते. इतरांपेक्षा त्याला तिची ओढ अधिक का वाटावी, याचे एक सयुक्तिक उत्तर येथे मिळते. पण भास निर्माण करणारा प्रवाहही याच रसायनाचा असल्याने जी वस्तू संध्याकाळी दिलासा देते, तीच पुढच्या आठवड्यात आजार उसळवते. शिवाय पिण्याच्या दिवशी गोळी चुकते, आणि गोळी चुकणे हे आजार उलटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

लगाम आणि चाबूक

दारूचा दुसरा परिणाम मेंदूच्या समतोलावर होतो. मेंदूत एक रसायन लगामाचे काम करते. त्याला गाबा म्हणतात. दुसरे, ग्लुटामेट, चाबकाचे. दारू लगाम ओढून धरते आणि चाबूक बोथट करते, म्हणून पिणारा शांत होतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू या नव्या स्थितीशी जुळवून घेतो. तो लगाम सैल करतो आणि चाबकाची धार वाढवतो. अशा माणसाची दारू एकदम तोडली की लगामावरचा हात सुटतो आणि चाबूक तेवढा उरतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झटके येतात. दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमिष्ट होतो. त्याला किडे, साप, माणसे दिसू लागतात. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा घरगुती सल्ला जिवावर बेतू शकतो, हे कोपरखैरण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे.

ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा धोका याहून वेगळा आहे. जुन्या मद्यपीच्या शरीरात थायमिन उरत नाही. चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, आणि वेळीच सुई न टोचल्यास स्मृती कायमची जाते. ही सुई महाग नाही. तिची आठवण प्रत्येक तातडीच्या विभागात वेळेवर झाली पाहिजे, एवढेच.

येथे निदानाची खरी कसोटी लागते. शुद्ध शाबूत असताना केवळ आवाज ऐकू येणे हा दीर्घ मद्यपानाचा परिणाम असू शकतो. दारू तुटल्यानंतरचा भ्रमिष्टपणा ही वेगळी अवस्था आहे. आणि मुळात असलेला सायकोसिस, ज्यावर दारूचे ओझे नंतर चढले, ही आणखी निराळी. तिन्हींचे उपचार आणि भवितव्य भिन्न आहेत. त्यांतला फरक कळण्यासाठी रोग्याला दारूपासून दूर ठेवून सुमारे महिनाभर निरीक्षणाखाली ठेवावे लागते. दोन्ही दारे बंद असतील तर हा महिना त्याने कोठे काढावयाचा?

नकळत दिलेले औषध

दारे बंद झाली की घर स्वतःच औषध शोधू लागते. लोकलच्या डब्यात आणि भिंतींवर ‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्या पुड्यांत काय असते हे घेणाऱ्याला माहीत नसते. घरोघरी आणखी एक प्रकार चालतो. दारूशी वैर धरणारी डायसल्फिरामची गोळी भाजीत किंवा चहात मिसळली जाते. हे औषध १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधून जगापुढे आले. ज्याला ते घेण्याचे परिणाम पूर्ण ठाऊक आहेत आणि जो स्वखुशीने ते घेतो, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग होतो. नकळत दिल्यास रोगी नेहमीप्रमाणे पितो आणि त्याचा रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते.

सायकोसिसच्या रोग्याच्या बाबतीत धोका दुप्पट आहे. डोपामिनचे रूपांतर पुढच्या रसायनात करणाऱ्या विकराला ही गोळी अडवते, त्यामुळे डोपामिन साचून भास बळावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. रसायनाहूनही मोठी हानी विश्वासाची होते. ‘माझ्या जेवणात काही तरी घालतात’ हा ज्या माणसाचा भ्रम आहे, त्याच्या जेवणात आई खरोखरच काही तरी घालते, आणि एक दिवस त्याला ते सापडते. त्या क्षणी त्याचा भ्रम हा भ्रम राहत नाही. त्यानंतर तो कोणाच्या हातची गोळी घेईल? जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या आंतरराष्ट्रीय पाहणीत आग्र्याचा समावेश होता, तीत विकसनशील देशांतील रोग्यांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांपेक्षा चांगली आढळली. त्याच्या कारणांविषयी वाद आहेत. पण रोग्याला सोडून न देणारे कुटुंब हे आपले बळ आहे याविषयी फारसा वाद नाही. ती आई दुष्ट नाही, हतबल आहे. तिला हतबल करणारी व्यवस्था मात्र आपण सर्वांनी उभी केली आहे.

दोन खाती, एक रोगी

ही व्यवस्था कागदावर कशी विभागली आहे ते पाहावे. मानसिक आरोग्य आरोग्य खात्याकडे. त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे. दारूचे परवाने आणि महसूल उत्पादन शुल्क खात्याकडे. एकच रोगी तीन फायलींत विखुरला आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कात मोठी वाढ मंजूर केली, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची जादा भर तिजोरीत पडेल अशी अपेक्षा व्यक्त झाली. त्यातला किती वाटा दारूने आजारी पडलेल्यांच्या उपचारासाठी राखून ठेवला जाईल, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार जनतेला आहे.

गरज किती आहे हे लपलेले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सायकोसिसच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ७५ आणि दारूच्या विकाराने ग्रस्त असलेल्या शंभरांपैकी ८६ जण उपचाराविना राहतात. ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही गोष्टही नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

कायदा मात्र या बाबतीत व्यवहारापुढे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच मद्य आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा समावेश केला आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा त्याने रोग्याचा हक्क मानला. तेव्हा ‘आधी दारू सोडा, मग या’ हे उत्तर केवळ असहृदय नव्हे, कायद्याच्या हेतूशीही विसंगत आहे.

दारूबंदी हाच खरा उपाय, असे म्हणणारा एक वर्ग आहे आणि त्याच्या तळमळीविषयी आदरच वाटतो. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या आंदोलनातून बंदी आली आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने तिला गावोगावच्या कामाची जोड दिली. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. बाटली आडवी करणाऱ्या स्त्रियांच्या मतदानाने अनेक गावांत दुकाने बंद झाली. दारू सहज मिळेनाशी झाली की पिणे घटते, हे खरेच आहे. परंतु ज्याच्या कानात आज आवाज घुमत आहेत, त्याला दुकान बंद झाल्याने उपचार मिळत नाहीत. दोन्ही कामे व्हावयास हवीत. एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येणार नाही.

दोन्ही दारे एका आवारात असू शकतात, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच पथकाने दोन्ही आजारांवर एकत्र उपचार करण्याची पद्धत घडवली. तिचा गाभा साधा आहे. दारू सुटण्याची अट घालून रोग्याला परत पाठवावयाचे नाही. तो पीत असतानाही संबंध तोडावयाचा नाही. क्लोझापिनसारख्या औषधाने काही रोग्यांचे पिणेही कमी होते असे त्यांना दिसून आले. त्या औषधासाठी रक्ताची नियमित तपासणी लागते. ती सोय गरिबाच्या आवाक्यात आणणे हे सरकारचे काम आहे.

कोपरखैरण्यात काय करता येईल?

कोपरखैरणे हे नव्या शहराचे लहानसे प्रतिरूप आहे. सिडकोने १९७० नंतर घेतलेल्या जमिनींचे मूळ आगरी-कोळी मालक, मुंबईतले बाजार इकडे आल्यावर स्थिरावलेले सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आणि कार्यालयांत राबणारे तरुण, असे तीन लोकप्रवाह येथे शेजारी नांदतात. रात्रपाळी, अपुरी झोप, गावापासून तुटलेपण आणि कोपऱ्यावर मिळणारी बाटली हे सर्वांना समान आहे. या वस्तीत चांगल्या गोष्टीही आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित कामगाराला मंडळ दिले, आणि माथाडींसाठी उभे राहिलेले रुग्णालय येथेच आहे. या पट्ट्यातील काही आगरी-कोळी गावांनी हळदीच्या समारंभातली दारू बंद करण्याचे ठराव केले. जो समाज स्वतःच्या रिवाजाला हात घालू शकतो, तो आजाराविषयीची लाजही सोडू शकेल.

१९९२ पासून कारभार पाहणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेने येथे तीन गोष्टी कराव्यात. आठवड्यातून निदान दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ आणि व्यसनमुक्ती समुपदेशक एकाच खोलीत, एकाच केसपेपरवर बसतील असा दवाखाना सुरू करावा. दारू सोडवण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी सर्वसाधारण रुग्णालयात काही खाटा राखून ठेवाव्यात. आणि ‘भास होतात’ किंवा ‘पितो’ या कारणावरून कोणालाही परत पाठवले जाणार नाही, असा लेखी आदेश काढावा. यासाठी नवे भवन, नवी समिती किंवा उद्‌घाटनाची फीत यांपैकी कशाचीच गरज नाही. कुटुंबांनीही नकळत औषध देण्याचा मार्ग सोडून मदत मागावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

मनाचा आजार असलेला प्रत्येक माणूस हिंसक नसतो, आणि पिणारा प्रत्येक माणूस बेजबाबदार नसतो. दोन्ही आजार असलेल्या माणसाचे आयुष्य मात्र इतरांपेक्षा अधिक नाजूक असते. त्याच्या बाबतीत आत्महत्येचा धोका अधिक, पुन्हापुन्हा इस्पितळात जाण्याची वेळ अधिक आणि नोकरी टिकण्याची शक्यता कमी. म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त मदत मिळावयास हवी, आणि आज ती सर्वांत कमी मिळते. कोपरखैरण्याची ती आई मुलाचा हात धरून पुन्हा एखाद्या खिडकीपुढे उभी राहील, तेव्हा तिला ‘आधी’ हा शब्द ऐकावा लागू नये. ‘बसा, मावशी. दोन्हींचे बघू,’ एवढे उत्तर मिळाले, तरी उपचाराचा आरंभ झाला असे समजावे.